आई-वडील विभक्त असताना अमेरिकेतील कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी अर्ज कसा करावा

अमेरिकेत कॉलेजसाठी आर्थिक मदत देताना सरकार आणि कॉलेजे एक गोष्ट गृहीत धरतात: शिक्षणाच्या खर्चाचा पहिला भार आई-वडिलांनी उचलायचा आणि त्यांच्या ऐपतीपलीकडे जे उरेल त्यासाठी मदत मिळायची. आई-वडील एकाच घरात राहत असतील तर ही ऐपत मोजणे तुलनेने सोपे असते. ते वेगळे राहत असतील, किंवा घटस्फोटाचा दावा न्यायालयात अर्ध्यावर असेल, तर अर्जावर कोणाचे उत्पन्न लिहायचे या पहिल्याच प्रश्नाशी कुटुंब अडते. तेथे चूक झाली तर मुलाच्या हक्काची मदत हुकते, किंवा कागदपत्रांच्या मागण्या एकामागून एक येत राहतात आणि प्रवेशाची मुदत जवळ येऊनही मदतीचा आकडा हाती पडत नाही. अमेरिकेतील मराठी कुटुंबांत विभक्त होण्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही, त्यामुळे ही माहिती एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचतही नाही. म्हणून ती येथे सविस्तर देत आहे.

कोणताही अर्ज उघडण्याआधी तीन गोष्टींचा निर्णय कागदावर करून ठेवावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अर्ज भरण्याच्या दिवशी आई-वडील खरोखर वेगवेगळ्या घरांत राहत आहेत का, मागच्या बारा महिन्यांत मुलावर जास्त खर्च कोणी केला, आणि मुलाच्या यादीतील कोणती कॉलेजे दुसऱ्या पालकाचीही माहिती मागतात, अशा या तीन गोष्टी आहेत. हा निर्णय आई-वडिलांनी आपसांत करावा. समोरासमोर बोलणे अवघड असेल तर ईमेलने, किंवा वकिलांच्या मार्फत करावा. परंतु सतरा वर्षांच्या मुलाला या घरून त्या घरी निरोप पोहोचवायला लावू नये. त्याच्यावर त्या महिन्यांत कॉलेजच्या निबंधांचे आणि परीक्षांचे ओझे पुरेसे असते.

दोन अर्ज, दोन वेगळे नियम

पहिला अर्ज म्हणजे फाफ्सा. फेडरल सरकारची पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना मिळणारे, परत न करावे लागणारे अनुदान), फेडरल कर्जे, कॅम्पसवरील वर्क-स्टडीची नोकरी आणि बहुतेक राज्यांची स्वतःची मदत या एका अर्जावर ठरते. तो भरण्यासाठी शुल्क नाही आणि नेहमीच्या वेळापत्रकानुसार तो १ ऑक्टोबरला खुला होतो. दुसरा अर्ज सीएसएस प्रोफाइल. तो कॉलेज बोर्ड ही संस्था चालवते आणि बरीच खासगी कॉलेजे, तसेच काही सरकारी विद्यापीठे, स्वतःच्या तिजोरीतून द्यायची मदत त्यावरून ठरवतात. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक कॉलेजसाठी १६ डॉलर शुल्क असते. कुटुंबाचे उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल तर ते माफ होते.

विभक्त कुटुंबाच्या दृष्टीने या दोहोंतील फरक फार मोठा आहे. फाफ्साला एकाच पालकाची माहिती पुरते. सीएसएस प्रोफाइल घेणारी अनेक कॉलेजे मात्र दोन्ही पालकांची माहिती स्वतंत्र अर्जांतून मागतात. त्यामुळे एकाच मुलीला राज्याच्या विद्यापीठात भरघोस मदत मिळू शकते आणि एखाद्या खासगी कॉलेजात वडिलांच्या उत्पन्नामुळे फारच थोडी. कॉलेजांची यादी ठरवण्याआधीच हे ठाऊक असले पाहिजे. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, परंतु त्यांपैकी बरेचसे एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. विभक्त पालकांनी त्यावर विसंबून न राहता कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला थेट ईमेल करून दोन प्रश्न विचारावेत: तुम्ही दुसऱ्या पालकाची माहिती मागता का, आणि त्या पालकाने पुन्हा लग्न केले असेल तर नव्या जोडीदाराचे उत्पन्नही धरता का. हे उत्तर लेखी मिळेपर्यंत मुलाला अर्ली डिसिजनचा, म्हणजे प्रवेश मिळाल्यास त्याच कॉलेजात जाण्याचे बंधन घालणारा, अर्ज करू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगळे राहणे कशाला म्हणतात

फाफ्सासाठी घटस्फोटाचा हुकूमनामा हातात असणे आवश्यक नाही. आई-वडील पती-पत्नी म्हणून एकत्र राहत नसतील आणि त्यांची बिऱ्हाडे वेगळी असतील, तर न्यायालयात दावा दाखल नसला तरी ते विभक्त धरले जातात. ज्यांचे लग्न महाराष्ट्रात झाले आहे आणि ज्यांचा दावा पुण्याच्या किंवा ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात तारखांवर तारखा घेत आहे, त्यांना हा नियम विशेष उपयोगी पडतो. तिकडच्या निकालाची वाट पाहत अर्ज थांबवण्याचे काहीही कारण नाही.

याच्या उलट परिस्थितीही आपल्याकडे पुष्कळ दिसते. मन तुटले आहे, पैसे वेगळे झाले आहेत, वकील ठरले आहेत, पण घराचे मॉर्गेज किंवा एकाचा व्हिसा दुसऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असल्यामुळे दोघे एकाच घरात, वेगवेगळ्या खोल्यांत राहत आहेत. फाफ्सा अशा जोडप्याला विवाहित आणि एकत्रच धरतो व दोघांचीही माहिती मागतो. घटस्फोट पूर्ण झालेला असूनही दोघे एका घरात राहत असतील, तरी दोघांची माहिती द्यावीच लागते. कागदोपत्री वेगळा पत्ता दाखवून यातून सुटण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. कॉलेज अर्जाची पडताळणी करताना भाडेकरार, वीजबिल, ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता असे पुरावे मागू शकते, आणि खोटी माहिती देणे हा फेडरल गुन्हा आहे.

वैवाहिक स्थिती ज्या दिवशी अर्जावर सही होते त्या दिवसाची लिहायची असते. ऑक्टोबरमध्ये अर्ज भरला आणि जानेवारीत आई-वडील वेगळे झाले, तर पाठवलेला अर्ज आपण होऊन बदलायचा नसतो. त्यासाठी कॉलेजला पत्र लिहावे लागते. त्याची रीत पुढे सांगितली आहे.

बारा महिन्यांचा हिशेब

विभक्त पालकांपैकी फाफ्सावर कोणाची माहिती द्यायची याचा नियम २०२४–२५ या वर्षापासून बदलला. आधी मूल ज्या पालकाकडे जास्त दिवस राहिले असेल त्याची माहिती द्यावी लागे. आता, अर्जाच्या तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत ज्या पालकाने मुलाला जास्त आर्थिक आधार दिला असेल त्याची माहिती द्यायची असते. दोघांचा आधार अगदी समसमान असेल, किंवा कोणीच आधार देत नसेल, तर ज्याचे उत्पन्न आणि मालमत्ता अधिक त्याची. मोठ्या भावंडाच्या वेळी जुना नियम पाहिलेली कुटुंबे आजही रात्री मोजत बसतात. मुलाचा ताबा न्यायालयाने कोणाला दिला आहे, किंवा टॅक्स रिटर्नवर मुलाला अवलंबित म्हणून कोण दाखवते, यांचाही या निर्णयाशी संबंध नाही.

आधारात राहण्याची जागा, जेवण, कपडे, गाडी, औषधपाणी व दातांचा खर्च, भेटी, रोख रक्कम, कॉलेजचा खर्च हे सर्व येते. हिशेब कसा करावा याचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला आईजवळ राहते, वडील शेजारच्या गावात राहतात, आणि मुलीच्या निर्वाहखर्चाविषयी न्यायालयाचा निर्णय अजून व्हायचा आहे. आईच्या घराचे भाडे महिना २,२०० डॉलर असून घरात दोघीच असल्यामुळे मुलीच्या वाट्याला १,१०० डॉलर धरू. किराणा आणि जेवण ४५० डॉलर, कपडे आणि फोन १२० डॉलर. महिन्याचे १,६७० आणि वर्षाचे २०,०४० डॉलर झाले. वडील तिचा आरोग्यविमा भरतात, महिना २१० डॉलर. तिच्या गाडीचा हप्ता आणि विमा मिळून महिना ४८० डॉलर. शिवाय वर्षभरात परीक्षेचे वर्ग आणि उन्हाळी शिबिर यांसाठी ३,००० डॉलर दिले. त्यांची बेरीज ११,२८० डॉलर होते. येथे फाफ्सावर आईची माहिती द्यायची. उलट, ज्या घरी मूल बहुतेक रात्री आईकडे असते, पण घराचे भाडे, विमा, शाळेचा खर्च असे सारे वडील परस्पर भरतात, तेथे वडिलांची माहिती द्यावी लागण्याची शक्यता मोठी आहे. जास्त कमावणाऱ्या पालकाकडे अर्ज वळण्याचे प्रमाण नव्या नियमामुळे वाढले आहे आणि ते स्वीकारूनच कॉलेजांची यादी करावी लागते.

हा हिशेब एका पानावर, तारखा घालून, अर्ज भरण्याच्या आठवड्यातच करावा आणि त्याला बँकेची विवरणपत्रे जोडून ठेवावीत. अर्जाबरोबर तो पाठवायचा नसतो, पण कॉलेजने विचारले तर सहा महिन्यांनी आठवणीतून आकडे जुळवता येत नाहीत.

ज्या पालकाची माहिती द्यायची त्याने पुन्हा लग्न केले असेल आणि तो नव्या जोडीदारासह राहत असेल, तर सावत्र आईचे किंवा वडिलांचे उत्पन्नही धरले जाते. त्या दोघांनी लग्नापूर्वी पैसे वेगळे ठेवण्याचा करार केला असला तरी फाफ्सा तो विचारात घेत नाही.

संमती, खाते आणि एकत्र भरलेले टॅक्स रिटर्न

ज्या पालकाची माहिती द्यायची त्याला अर्जाच्या भाषेत कॉन्ट्रिब्युटर म्हणतात. त्याने स्टुडंटएड या सरकारी संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडायचे असते आणि आयआरएसकडून (अमेरिकेच्या करखात्याकडून) आपली करविषयक माहिती थेट अर्जात घेण्यास संमती द्यायची असते. त्याने अमेरिकेत रिटर्न भरलेले नसले तरी ही संमती आवश्यकच आहे. ती नाकारली तर विद्यार्थ्याला फेडरल मदत मिळत नाही. खाते उघडण्याचे काम सप्टेंबरातच उरकावे, कारण ओळख पटवण्यात काही दिवस जातात आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकाला त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो.

बरेच पालक येथे बिचकतात, कारण सही केली म्हणजे फी भरण्याची हमी दिली असे त्यांना वाटते. माहिती आणि संमती दिल्याने फी भरण्याची कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. दुसऱ्या पालकाला हे शांतपणे, लेखी कळवावे. तरीही पालकाने साफ नकार दिला, तर विद्यार्थी पालकांच्या माहितीशिवाय अर्ज पाठवू शकतो. मात्र त्यावर कॉलेजच्या मर्जीने केवळ अनसबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असतानाही व्याज चढत राहणारे, फेडरल कर्ज मिळते, पहिल्या वर्षी कमाल ५,५०० डॉलर. पालक पैसे देत नाहीत किंवा मूल स्वतः कमावते एवढ्यावरून विद्यार्थी स्वतंत्र ठरत नाही. छळ, पालकांनी टाकून देणे, पालक तुरुंगात असणे अशा गंभीर परिस्थितीत मात्र कॉलेज त्याला स्वतंत्र मानू शकते, आणि त्यासाठी शाळेच्या समुपदेशकाची मदत लगेच घ्यावी.

सर्वांत जास्त गोंधळ टॅक्स रिटर्नचा होतो. फाफ्सा दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न पाहतो. २०२६–२७ च्या अर्जासाठी २०२४ चे रिटर्न धरले जाते. समजा, आई-वडिलांनी २०२४ चे रिटर्न एकत्र भरले, ते मार्च २०२५ मध्ये वेगळे झाले, वडील टेक्ससला गेले, तेव्हापासून त्यांनी काहीही पाठवलेले नाही आणि मुलीचा सारा खर्च आई करते. रिटर्नवर एकूण १,८१,२०० डॉलर दिसतात. पण आईच्या डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेल्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर) ४२,००० डॉलर आहेत, वडिलांच्या डब्ल्यू-२ वर १,३८,००० डॉलर, आणि उरलेले १,२०० डॉलर संयुक्त खात्यावरचे व्याज आहे. अर्जावर आईचे स्वतःचे उत्पन्न जायला हवे: ४२,००० अधिक व्याजाचे अर्धे ६०० डॉलर, म्हणजे ४२,६०० डॉलर. भरलेल्या कराचाही तिच्या उत्पन्नाच्या प्रमाणातला वाटाच तिच्याकडे धरायचा. एकट्या पालकाच्या घरचे उत्पन्न फेडरल दारिद्र्यरेषेच्या २२५ टक्क्यांपर्यंत असेल तर विद्यार्थी कमाल पेल ग्रँटला पात्र होतो. दोन माणसांच्या कुटुंबासाठी २०२४ च्या रेषेवरून ही मर्यादा सुमारे ४६,००० डॉलर होते, त्यामुळे ही मुलगी पात्र ठरते. २०२५–२६ साली कमाल पेल ग्रँट वर्षाला ७,३९५ डॉलर होती. संयुक्त रिटर्नचा पूर्ण आकडा तसाच गेला असता तर तिच्या हाती काहीच आले नसते. अशा वेळी दोघांचे डब्ल्यू-२, एकत्र रिटर्नची प्रत आणि उत्पन्नाची विभागणी दाखवणारे एक पान फायनान्शियल एड ऑफिसला देण्याची तयारी ठेवावी. कुटुंबातील माणसांची संख्याही तपासावी. अर्ज ती जुन्या रिटर्नवरून घेऊ पाहतो आणि ती हाताने दुरुस्त करावी लागते.

निर्वाहासाठी दुसऱ्या पालकाकडून मिळणारा चाइल्ड सपोर्ट आता उत्पन्नात न धरता मालमत्तेच्या भागात लिहायचा असतो, आणि तो मागच्या पूर्ण कॅलेंडर वर्षाचा. राहते घर आणि निवृत्तीची खाती फाफ्सा मोजत नाही. संयुक्त बचत किंवा गुंतवणुकीत अर्जदार पालकाचा जेवढा हिस्सा, तेवढाच लिहावा.

दुसऱ्या पालकाचा सीएसएस अर्ज

सीएसएस प्रोफाइलवर मुख्य पालक ठरवताना मूल मागच्या बारा महिन्यांत कोणाकडे जास्त राहिले हे पाहिले जाते. म्हणजे फाफ्सावर वडील आणि सीएसएसवर मुख्य पालक म्हणून आई, असे घडू शकते आणि त्यात चूक काहीच नाही. दुसरा पालक आपले वेगळे खाते उघडून स्वतंत्र अर्ज भरतो, आणि एका पालकाने लिहिलेली रक्कम दुसऱ्याला दिसत नाही. माजी जोडीदाराला आपली कमाई कळेल या भीतीने अडून बसलेल्या अनेकांना एवढी खात्री दिली की ते अर्ज भरायला तयार होतात, म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगावी.

दुसऱ्या पालकाशी संबंधच उरला नसेल तर कॉलेजकडे त्याच्या माहितीतून सूट मागता येते. सीएसएसचा त्यासाठी एक ठरावीक विनंतीअर्ज आहे. काही कॉलेजे स्वतःचा नमुना वापरतात. सूट देण्याचा निर्णय प्रत्येक कॉलेज आपापला करते, म्हणून अर्ज प्रत्येक ठिकाणी करावा लागतो. छळाचा इतिहास, भेटीला मनाई करणारा न्यायालयाचा आदेश, वर्षानुवर्षे पत्ता नसणे, कधीही आधार न मिळणे ही कारणे विचारात घेतली जातात. पालक पैसे द्यायला किंवा अर्ज भरायला तयार नाही, हे कारण पुरत नाही. विनंतीबरोबर कुटुंबाबाहेरच्या, पण परिस्थिती जाणणाऱ्या व्यक्तीचे निवेदन लागते: शाळेचा समुपदेशक, डॉक्टर, समाजसेविका, वकील. आजी, मामा किंवा कौटुंबिक स्नेही यांच्या पत्राला तेवढे वजन नसते. मराठी घरांत ही अडचण खरी आहे, कारण घरातले दुःख बाहेर सांगितलेलेच नसते आणि मग साक्षीला उभे राहणारे कोणी सापडत नाही. मूल अकरावीत असतानाच शाळेच्या समुपदेशकाला थोडक्यात कल्पना देऊन ठेवणे, हा यावर मला दिसणारा सर्वांत चांगला उपाय आहे.

पालक भारतात असेल तर

विद्यार्थी अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असला की फेडरल मदतीसाठी पालकांचा इमिग्रेशन दर्जा आड येत नाही. विद्यार्थी स्वतः एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असेल तर मात्र फेडरल मदत नाही. काही खासगी कॉलेजे स्वतःचा निधी देतात आणि तेथे सीएसएस प्रोफाइल उपयोगी पडते. वडील भारतात परतले असतील आणि हिशेबाने त्यांचीच माहिती द्यायची असेल, तर त्यांनी तेथून खाते उघडून अर्जातला आपला भाग भरायचा. भारतातले उत्पन्न अर्ज भरण्याच्या दिवसाच्या विनिमयदराने डॉलरमध्ये लिहावे आणि भारतीय आयकर विवरणपत्राची प्रत जवळ ठेवावी. मराठीत असलेली कागदपत्रे, विशेषतः न्यायालयाचे आदेश, इंग्रजी भाषांतरासह द्यावीत.

कोथरूडचा फ्लॅट, बँकेतील मुदत ठेव, एनआरई आणि एनआरओ खाती हे सारे मालमत्तेत येते. राहत्या घराला मिळणारी सूट दुसऱ्या घराला मिळत नाही. सातबाऱ्यावर चार भावंडांची नावे असतील तर आपल्या हिश्श्याची आजची किंमत, त्यावरील कर्ज वजा करून, लिहावी. गावाकडचे कोण पाहणार, अशा समजुतीने ती वगळू नये.

घटस्फोटाच्या करारात काय लिहून घ्यावे

ज्यांचा करार अजून व्हायचा आहे त्यांनी हा भाग वकिलापुढे ठेवावा. ‘कॉलेजचा खर्च देण्यास वडील बांधील नाहीत’ असे कलम करारात असले तरी कॉलेजवर ते बंधनकारक नसते. कॉलेज वडिलांचे उत्पन्न विचारतेच. उलट, न्यायालय पालकाला कॉलेजचा खर्च द्यायला लावू शकते की नाही, हे राज्यावर अवलंबून आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या न्यूबर्ग विरुद्ध अरिगो या खटल्यात त्यासाठी १२ निकष घालून दिले आणि उपलब्ध आर्थिक मदत हा त्यांपैकी एक आहे. इलिनॉयच्या कायद्यात तर न्यायालय आई-वडील आणि मूल यांना फाफ्सा भरण्याचा आदेश देऊ शकते. कॅलिफोर्नियात मात्र निर्वाहाची जबाबदारी साधारणपणे अठराव्या वर्षी, मूल हायस्कूलात असेल तर जास्तीत जास्त एकोणिसाव्या वर्षी संपते, आणि कॉलेजचा खर्च हवा असेल तर तो करारातच लिहून घ्यावा लागतो.

करारात कॉलेजच्या खर्चाच्या वाटणीइतकेच महत्त्वाचे एक कलम असावे: आर्थिक मदतीच्या प्रत्येक अर्जासाठी लागणारी माहिती, संमती आणि रिटर्नच्या प्रती दोन्ही पालक दरवर्षी ठरलेल्या तारखेपर्यंत देतील. ५२९ योजनेतील (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या खात्यातील) बचतीचाही उल्लेख हवा, कारण खातेदार पालक लाभार्थी बदलू शकतो किंवा पैसे काढून घेऊ शकतो. ते पैसे याच मुलासाठी वापरले जातील आणि खात्याचे विवरण दोघांना मिळेल, असे लिहून घ्यावे. मुलाला टॅक्स रिटर्नवर कोण दाखवणार हेही विचारपूर्वक ठरवावे. कॉलेजच्या फीवर मिळणारी अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी करसवलत वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत असते आणि ती मुलाला अवलंबित दाखवणाऱ्या पालकालाच मिळते. एकट्याने रिटर्न भरणाऱ्याचे उत्पन्न ९०,००० डॉलरच्या वर गेले की ती पूर्णपणे जाते. जास्त कमावणाऱ्याने हट्टाने मुलाला आपल्या रिटर्नवर घेतले, तर ही रक्कम दोघांपैकी कोणालाच मिळत नाही.

कॉलेजला लिहायचे पत्र

अर्ज भरल्यानंतर आई-वडील वेगळे झाले, वकिलांची फी आणि दुसऱ्या घराचे भाडे वाढले, किंवा एकाची नोकरी गेली, तर फायनान्शियल एड ऑफिसला अर्जातील आकडे बदलून विचार करण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो प्रत्येक विद्यार्थ्यापुरता वेगळा वापरला जातो आणि कॉलेजचा निर्णय अंतिम असतो, त्यामुळे पत्र नेमके असले पाहिजे. एक पान पुरे. पहिल्या दोन वाक्यांत विद्यार्थ्याचे नाव, क्रमांक आणि कोणत्या तारखेपासून आई-वडील वेगवेगळ्या पत्त्यांवर राहतात ते लिहावे. त्यापुढे रिटर्नवरचा जुना आकडा आणि आजच्या घराचे वार्षिक उत्पन्न एकाखाली एक लिहावे. मग काय बदल हवा ते स्पष्ट मागावे: ‘संयुक्त उत्पन्नाऐवजी आईचे चालू वर्षाचे उत्पन्न धरावे.’ सोबत भाडेकरार, अलीकडच्या पगारपत्रिका, दोन्ही डब्ल्यू-२, आणि असल्यास दाव्याची प्रत किंवा वकिलाचे पत्र जोडावे. लग्न का मोडले, कोणाची चूक होती, यातले एक वाक्यही त्यात नसावे. पत्र वाचणाऱ्याला तारखा आणि आकडे हवे असतात. दोषारोपांनी त्याचा निर्णय सोपा होत नाही.

पत्र मदतीचा पहिला देकार आल्यावर लगेच पाठवावे. बहुतेक कॉलेजांत प्रवेश निश्चित करण्याची तारीख १ मे असते आणि एप्रिलच्या अखेरीस या कार्यालयांत पत्रांची रांग लागलेली असते. राज्यांच्या मदतीच्या मुदती फेडरल मुदतीच्या पुष्कळ आधी संपतात, त्याही वेगळ्या लिहून ठेवाव्यात.

फाफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा असतो, आणि बारा महिन्यांचा हिशेबही दरवर्षी नव्याने करायचा. मागच्या वर्षी आई असली तरी यंदा वडील जास्त खर्च करत असतील तर नाव बदलते. पालकाचे दुसरे लग्न वर्षभरात व्हायचे असेल, तर अर्ज लग्नाआधी भरला की नंतर, यावरूनही त्या वर्षीचा आकडा वेगळा येतो.

मदत मिळूनही खर्च उरला आणि पालकाने पॅरेंट प्लस कर्ज (पालकाच्या नावावर मिळणारे फेडरल कर्ज) काढायचे ठरले, तर ते फाफ्सावर नाव नसलेले आई किंवा वडीलही काढू शकतात. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी त्याची मर्यादा एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर आहे. हे कर्ज सही करणाऱ्याच्याच नावावर राहते. माजी जोडीदार निम्मे हप्ते भरेल असे करारात लिहिले असले, तरी हप्ता चुकला की वसुली सही करणाऱ्याकडूनच होते. म्हणून सही करण्यापूर्वी कर्जाची अट आणि घटस्फोटाचा करार एकत्र वकिलाला दाखवून घ्यावा.